वाई, मेणवली व धोम : एका सकाळची अभ्यास-सहल

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आगगाडी, वळकटी आणि दूरचा मुलूख उभा राहतो. परंतु ज्याला डोळे उघडे ठेवून पाहावयाचे आहे, त्याला चार कोसांची वाटही पुरते. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी वाई हे गाव आहे. तेथून नदीच्या उगमाच्या दिशेने निघाले असता सुमारे तीन किलोमीटरांवर मेणवली लागते, व आणखी पुढे गेले की धोम येते. महाबळेश्वर व पाचगणी येथे हवा खाण्यास जाणारी शेकडो मंडळी वाईवरून जातात, पसरणीचा घाट चढू लागतात, आणि डाव्या-उजव्या हातास काय राहिले याची त्यांना वार्ताही नसते. म्हणून ह्या तीन गावांची अर्ध्या दिवसाची सहल कशी करावी, हे येथे सांगावयाचे योजिले आहे.

सहलीस एकच नियम आहे. जी जी वस्तू दिसेल, मग ती देवळातली असो, शेतातली असो की ताटातली असो, तिच्यापुढे उभे राहून एक प्रश्न विचारावयाचा : ही येथे कोठून आली, आणि कोणी आणली? उत्तर वहीत लिहावयाचे. सर्वच उत्तरे मनाला गोड वाटतील असे नाही; तथापि जे खरे असेल ते लिहावे.

काळ माघ महिन्याच्या आसपासचा निवडावा. थंडी असते, नदीचे पाणी निवळलेले असते, आणि शेतांत हळदीची काढणी चालू असते. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि डोक्यास टोपी किंवा रुमाल, एवढे सामान पुरे. फराळाचे डबे मात्र घरीच ठेवावेत. त्याचे कारण पुढे कळेल.

वाईस उजाडता उजाडता गणपती आळीच्या घाटावर उभे राहावे. समोर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. हे १७६२ च्या सुमारास गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधविले. रास्ते हे पेशव्यांचे सरदार व सावकार. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही ह्याच घराण्यातली. आतील मूर्ती एकाच पाषाणात कोरलेली व इतकी थोर आहे की, नावातला 'ढोल्या' हा शब्द भक्तांनी लाडाने दिला असला तरी खोटा म्हणता येत नाही. पण विद्यार्थ्यांनी मूर्तीचे दर्शन घेऊन तेवढ्यावर परतू नये. देवळाच्या मागल्या बाजूस जावे. तेथील भिंत सपाट नसून होडीच्या टोकासारखी निमुळती बांधली आहे. पावसाळ्यात कृष्णेचा पूर येऊन आदळतो, तेव्हा ह्या टोकावर पाणी दुभंगते व दोन्ही अंगांनी निघून जाते. सगळा भार भिंतीवर एकदम येत नाही. नदीशी भांडण न करता तिला वाट देणारा हा गवंडी कोण होता, त्याचे नाव कोठे कोरलेले नाही. बांधविणाऱ्याचे नाव राहिले, बांधणाऱ्याचे गेले. आपल्या देशातील जुन्या इमारतींविषयी हे वाक्य वहीत पुन्हापुन्हा लिहावे लागेल.

वाईचा इतिहास याहून जुना आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार अफझलखान वाईचा सुभेदार होता, आणि १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडच्या पायथ्याशी जी भेट झाली तिच्याआधी त्याचा तळ ह्याच मुलखात पडला होता. पुढे हे गाव विद्येसाठी नावाजले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचे संपादन झाले तेही वाईतच. शाळेच्या ग्रंथालयातील ते जाडजूड खंड हाती घ्याल तेव्हा हा घाट आठवावा. असो, वाईचेच वर्णन करीत बसलो तर अर्धा दिवस येथेच सरेल.

मेणवलीच्या वाटेवर दोन्ही अंगांस शेते लागतात. त्यांत हळदीचे शेत दिसले की थांबावे आणि मालकाची परवानगी घेऊनच बांधावर पाय ठेवावा. वाईची हळद फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. आपल्या स्वयंपाकघरातील डब्यात जी पिवळी पूड असते ती जमिनीतून तशीच निघते, अशी शहरातील पुष्कळ मुलांची समजूत असते. वस्तुतः ती होण्यास जवळजवळ वर्ष लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस बेणे लावावयाचे, पावसाळाभर पीक राखावयाचे, पाने वाळली म्हणजे जमीन खणून गड्डे काढावयाचे. मग ते मोठ्या काहिलीत शिजवतात. शिजविले नाही तर हळकुंड सारखे वाळत नाही व रंगही एकसारखा बसत नाही. त्यानंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावयाचे, आणि शेवटी घासून वरची खरबरीत साल काढावयाची, की बाजारातले गुळगुळीत हळकुंड तयार झाले. काहिलीखाली जाळ घालणाऱ्या माणसाचे तोंड पाहावे, म्हणजे बाजारभाव कोसळला असता त्याच्या घरी काय होत असेल ते विचारण्याची गरज पडणार नाही. 'कोठून आली' ह्या आपल्या प्रश्नास येथे मात्र सोपे उत्तर आहे. हळद ह्याच देशाच्या बाजूची. ती फार दुरून आलेली नाही. ताटातल्या ज्या पदार्थांविषयी असे म्हणता येईल ते किती थोडे आहेत, हे दुपारी दिसेल.

आता मेणवली. पेशवाईतील नामांकित मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा येथे आहे. नाना १७४२ साली जन्मले व १८०० साली मार्चात पुण्यास वारले. मेणवली गाव त्यांस १७६८ साली मिळाले, आणि वाडा व घाट त्यांनी त्यानंतर बांधविले. वाडा एकाला एक लागून असलेल्या चौकांचा आहे. बाहेरून पाहता तो फारसा दिमाखदार वाटत नाही. मला तर त्याच्या साधेपणातच नानांचा स्वभाव दिसतो. हा लढवय्याचा वाडा नव्हे, हिशेब ठेवणाऱ्याचा आहे. 'फडणवीस' ह्या शब्दाचा अर्थच तो. नानांच्या मृत्यूसमयी त्यांची पत्नी जिऊबाई अवघी बालवयाची होती. पुण्यातील राजकारणाचे सगळे हाल भोगून पुढे ती ह्या वाड्यात येऊन राहिली. इतिहासाच्या पुस्तकात नानांना प्रकरणे मिळतात, जिऊबाईला एक ओळ मिळते. मुलींनी तरी तिच्याविषयी चौकशी करावी.

वाड्यात एके काळी कागदांची दप्तरे होती. 'मेणवली दफ्तर' ह्या नावाने ती इतिहाससंशोधकांस ठाऊक आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ती द. ब. पारसनीस यांच्या हाती आली. पारसनीसांचा संग्रह साताऱ्यास होता. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला. म्हणजे गावात बाहेरून वस्तू येतात तशा गावातून बाहेरही जातात. मेणवलीच्या मुलाला आपल्याच गावाचे कागद पाहावयाचे असतील तर त्याने पुण्याची वाट धरावी लागते. कागद जगले हे भाग्य खरेच. परंतु गाव रिते झाले, हेही वहीत नोंदवावे.

वाड्यामागून घाटावर उतरावे. पायऱ्या नदीच्या वळणाबरोबर चंद्रकोरीसारख्या वळल्या आहेत. काठाशी शंकराचे व विष्णूचे अशी देवळे आहेत, आणि त्यांच्याजवळ लहानशा दगडी घरात एक मोठी घंटा टांगलेली आहे. आजच्या सहलीत सर्वांत जास्त वेळ हिच्यापुढे काढावयाचा.

घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मातेची आकृती आहे, आणि १७०७ हे साल आहे. हिंदू देवळाच्या अंगणात ख्रिस्ती मंदिराची घंटा! ही आली वसईहून. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १७३७ साली मराठ्यांनी उत्तर कोकणात मोहीम काढली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. किल्ल्यातील फौजेस सन्मानाने बाहेर पडू द्यावे असे ठरले. घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. अशी एक नाशकास नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरास आहे, आणि एक ही.

आता गणिताचा तास. गावात पुष्कळांच्या तोंडी असे ऐकू येते की, ही घंटा चिमाजी आप्पांनी नानांस दिली. चिमाजी आप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. नाना जन्मले १७४२ साली. मग हे दान घडले कसे? शिवाय गाव नानांस मिळाले १७६८ त. तेव्हा वसई पडल्यापासून निदान एकोणतीस वर्षे ही घंटा दुसरीकडे कोठे तरी होती. सांगणाऱ्याचा उपहास करू नये; त्याने आपणांस सरळ मनाने सांगितलेले असते. पण साले एकाखाली एक मांडून पाहण्याची सवय लागली, की लोककथा आणि इतिहास यांमधली सीमा आपली आपणच दिसू लागते.

दुसरी वजाबाकी अशी. १७०७ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, ही घंटा जेथली होती तेथे वाजली असे धरले, तर त्यानंतर कृष्णेच्या काठी तिने कितीतरी अधिक वर्षे काढली आहेत. मग ती कोणाची? वर्गात हा प्रश्न काढला तर दोन तट पडतील. एक म्हणेल, ही विजयाची खूण आहे. दुसरा म्हणेल, ही प्रार्थनेची वस्तू होती आणि बळाने आणली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. युद्धात घेतलेली वस्तू म्हणजे लूटच. तिला गोड नाव दिल्याने ती दुसरी काही होत नाही. त्याचबरोबर हेही पाहावे की, मेणवलीकरांनी ती वितळविली नाही व तिच्यावरील आकृती घासून काढली नाही. ज्या मातेला आपण ओळखत नाही तिचे चित्र असलेली घंटा त्यांनी देवापाशी बांधली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. माझ्या मते ह्या दोन वाक्यांपैकी एकच सांगणारा शिक्षक अर्धाच धडा शिकवितो. घंटा वाजविण्याचा मोह सर्वांस होतो. पुजाऱ्यांस विचारून एकानेच एकदा वाजवावी आणि बाकीच्यांनी तिचा नाद नदीवरून किती वेळ ऐकू येतो ते मोजावे. जाता जाता एक गमतीची गोष्ट : ह्या घाटावर चित्रपटवाल्यांचीही फार वर्दळ असते. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' ह्या चित्रपटातले गाव पुष्कळसे हेच.

पोर्तुगीजांशी आपले येणेजाणे केवळ तोफांनीच झाले असे नाही. चावी, पगार, पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, तुरुंग हे शब्द आपण घरचे समजून वापरतो. ते सर्व त्यांच्या भाषेतून आले. घंटा युद्धाने आली, शब्द बाजाराने आले. पुढील वाटेवर मुलांनी असे आणखी शब्द आठवून पाहावेत.

धोमला नरसिंहाचे व शंकराचे अशी देवळे आहेत. शंकरापुढील नंदीची रचना फार रम्य आहे. कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे काठ असलेले एक दगडी कुंड, त्यात मोठे कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरले म्हणजे कासव नंदीला घेऊन तरंगत आहे असा भास होतो. लहान मुलांना येथून हलविणे कठीण जाते, असा अनुभव आहे.

गावाच्या वरच्या अंगास कृष्णेवर धरणाची भिंत दिसते. सुमारे अडीच किलोमीटर लांब व पन्नास मीटर उंच असे हे मातीचे धरण १९७० च्या दशकात बांधण्यात आले. त्यात सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावते. त्याच्या कालव्यांनी खालच्या अंगाची कोरडवाहू शेते भिजली, ऊस वाढला, गुळाच्या व साखरेच्या राशी झाल्या. पण तलावाच्या जागी पूर्वी काय होते? शेते होती, घरे होती, पार होते. ती पाण्याखाली गेली आणि माणसांना उठून दुसरीकडे जावे लागले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. त्याच्या आधी ज्यांना उठावे लागले, त्यांच्या हातात कायद्याचा आधार फार थोडा होता. 'हे पाणी येथे कोठून आले' ह्या प्रश्नाला 'महाबळेश्वरच्या डोंगरातून' हे भूगोलाचे उत्तर झाले. 'कोणाच्या अंगणावरून' हे दुसरे उत्तरही हवे. तलावाचा देखावा सुंदर आहे हे मी नाकारीत नाही. तो पाहावा, आणि त्याखालची नांगरट मनात आणावी.

इतके होईपर्यंत अकरा वाजून जातात व पोटात कावळे ओरडू लागतात. आता डबे घरी का ठेवावयाचे ते सांगतो. गावातील एखाद्या घरी किंवा खाणावळीत आठ दिवस आधी कळवून जेवण सांगावे : जोंधळ्याची भाकरी, पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा व दही. पालकांना नम्र सूचना अशी की, ठरलेले पैसे मुलांच्या हातूनच द्यावेत, आणि 'गावचे जेवण स्वस्त असते' हे वाक्य तेथे तरी उच्चारू नये. पहाटेपासून ज्या मावशींनी चुलीपुढे बसून तीस मुलांच्या भाकरी थापल्या, त्यांच्या श्रमाची किंमत हॉटेलातील आचाऱ्यापेक्षा कमी का धरावी, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

जेवण्यापूर्वी दोघांदोघांनी चुलीशी बसून भाकरी होताना पाहावी. गव्हात जो चिकटपणा असतो तो जोंधळ्यात नसतो. म्हणून पोळीसारखी ती लाटता येत नाही. पिठात कढत पाणी घालतात. त्याने पीठ थोडे शिजते व एकमेकांस धरून राहते. गोळा तळहाताच्या बुडाने चांगला मळावयाचा, मग परातीत पीठ पसरून थापावयाचा. हात फिरतो तशी भाकरी आपोआप गोल फिरते. हे पाहण्यास सोपे व करण्यास महाकठीण. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवितात, पाणी सुकले की उलटतात, आणि शेवटी निखाऱ्यांशी उभी धरली की टम्म फुगून तिचा पापुद्रा सुटतो. पीठ जुने झाले असेल तर त्याची विरी जाते व भाकरी कडांना चिरते. 'विरी' हा शब्द वहीत लिहून घ्यावा. शहरातील किती घरांत तो अजून कानी पडतो हे घरी विचारून पाहावे. भाकरी करणारे हात कमी होतील तसा हा शब्दही जाईल, आणि तो गेला हे कोणाला कळणारही नाही.

आता ताटापुढे बसून आपला प्रश्न शेवटचा विचारावयाचा. जोंधळा : ह्याचे मूळ आफ्रिका खंडात, हजारो वर्षांपूर्वी तो आपल्याकडे आला. पिठल्यातला हरभरा : पश्चिम आशियातला, तोही फार जुना पाहुणा. मिरची व भुईमूग : दोन्ही अमेरिका खंडातील. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला त्यापूर्वी भारतात कोणी मिरची चाखलेली नव्हती. येथे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. म्हणजे घंटा ज्या लोकांकडून आली त्याच लोकांच्या हातून ठेचाही आला. त्याआधी आपल्या पूर्वजांच्या जेवणास तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, पिंपळीचा व आल्याचा. 'मिरची' हे नाव आपण मिऱ्यावरूनच तिला दिले. पाचगणी-महाबळेश्वरच्या ज्या स्ट्रॉबेरीसाठी एवढी गर्दी घाट चढते, तिचा वंशही अमेरिकेतील दोन जातींचा, आणि त्यांचा संकर झाला अठराव्या शतकात युरोपातील बागांत. महाबळेश्वरी तुरुंग होता तेव्हा तेथील चिनी कैदी बटाटे व परदेशी भाजीपाला लावीत असत. ह्या ताटात आपली म्हणावी अशी हळदच काय ती उरली!

येथे एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, 'मग हे गावरान जेवण कसले?' त्याला मावशींकडेच पाठवावे. जोंधळा आफ्रिकेतला असेल, पण कढत पाण्याची उकड, तळहाताची थाप आणि निखाऱ्यावरचा पापुद्रा ही त्यांच्या आईने त्यांना शिकविली आहेत.

एक वाजण्याच्या सुमारास परत वाईस यावे. निघण्यापूर्वी बाजारातून ओली हळद घ्यावी. ती ह्या दिवसांतच मिळते. घरी नेऊन धुवावी, साल खरवडून बारीक काप करावेत, त्यांत थोडे आले, मीठ, मोहरीची पूड व बुडेल इतका लिंबाचा रस घालून बरणीत भरावे. चार दिवसांनी लोणचे मुरते. काप करणाऱ्याची बोटे मात्र दोन दिवस पिवळी राहतात. शाईच्या डागांचे निमित्त सांगून ती गुरुजींपासून लपविता येत नाहीत.